पडलेली चादर कुणी उचलायची

मी भाषण करावं असं ज्यांना वाटलं, त्यांनी मला कधी भांडताना ऐकलं नसणार. ऐकलं असतं तर माइकच्या आसपाससुद्धा फिरकू दिलं नसतं.

आमच्या जुन्या लाँड्रीच्या जागेवर वस्तीसाठी सभागृह उभं राहिलं होतं. एका बाहेरच्या संस्थेनं ते बांधून दिलं होतं आणि त्या संस्थेच्या एक बाई वर्षभर आमच्याकडे येत-जात होत्या. त्या खुर्च्या गोलात मांडायच्या, आम्हाला बसवायच्या आणि "मोकळं व्हा, मोकळं व्हा" म्हणायच्या. म्हणून त्यांचं नाव मोकळ्याबाई पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते.

तर या मोकळ्याबाई एका संध्याकाळी घरी आल्या. सोबत बेकरीवाले होते. बेकरीवाले म्हणजे वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. काही अवघड सांगायचं असलं की ते आधी खोकतात. त्या दिवशी ते जिन्यापासूनच खोकत आले, तेव्हाच मी ओळखलं.

"ताई, उद्घाटनाला तुम्ही बोलायचंय," मोकळ्याबाई म्हणाल्या. "स्फोटानंतर ही वस्ती कशी सावरली, माणसं एकमेकांच्या जवळ कशी आली, हे तुमच्या तोंडून लोकांना ऐकायचंय. तुमचा स्वतःचा अनुभव."

"कुणाच्या जवळ कोण आलं?" मी विचारलं.

बेकरीवाले पुन्हा खोकले.

माझा नवरा लाँड्रीच्या बॉयलरवर होता. बॉयलर तळघरात. तिथं तो दिवसभर विस्तव सांभाळायचा आणि वर आम्ही बायका चादरींच्या घड्या घालायचो. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांच्या चादरी, इस्त्रीच्या रोलरमधून गरमागरम बाहेर यायच्या. जेवायच्या सुट्टीत तो वर यायचा आणि आम्हाला "काय म्हणतात वरचे लोक?" असं विचारायचा, जणू आम्ही कुणी बड्या घरच्या होतो. एके दुपारी तो बॉयलर फुटला. माणसं गेली पाच. माझा नवरा, माझ्या नणंदेचे यजमान आणि आणखी तिघं.

सभागृहाच्या दाराशी काळा दगड आहे, सभागृह व्हायच्या कितीतरी आधी बसवलेला. त्यावर नावं आहेत चार.

पाचवं का नाही, ते सांगते. स्फोट झाला तेव्हा सगळी वस्ती म्हणाली की बॉयलरवाल्याचंच चुकलं, झोपला असेल, नाहीतर प्यायला असेल. दगड बसवायची वेळ आली तेव्हा वन्सं समितीपुढं उभ्या राहिल्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, त्याची सख्खी बहीण. त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या नावाशेजारी त्याचं नाव मला नको." सख्खी बहीणच नको म्हणते म्हटल्यावर दुसरं कोण कशाला बोलेल? पुढं चौकशी झाली. जादा वाफ बाहेर सोडणारी झडप मालकानं तारेनं घट्ट बांधून टाकायला लावली होती, कारण ती उघडली की रोलर थंड पडायचा आणि काम थांबायचं. माझ्या नवऱ्यानं त्याबद्दल तक्रार केली होती आणि 'तू आपला विस्तव बघ' असं त्याला ऐकवलं गेलं होतं, हे सगळं बाहेर आलं. वस्तीला खरं काय ते कळलं. पण दगड होता तसाच राहिला आणि वन्संही होत्या तिथंच राहिल्या. तेव्हापासून आम्ही दोघी बोलत नाही. माझी लेक तेव्हा शाळेत होती. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावते.

"दगडावर त्याचं नाव घाला," मी बेकरीवाल्यांना म्हटलं. "मग म्हणाल ते बोलते."

"वहिनी, माझं काही नाही हो," बेकरीवाले म्हणाले. "पण हरकत त्या घरची होती. त्यांनी ती मागं घेतली की दुसऱ्या दिवशी कोरून घेतो. तुम्ही एक शब्द टाका ना त्यांच्याकडे."

"मी नाही टाकणार. ज्या तोंडानं नको म्हटलं, त्याच तोंडानं आता हो म्हणू दे."

मोकळ्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मोकळं व्हायची हीच संधी आहे, ताई."

मला राग आला, पण त्या बोलल्या ते अगदीच चूक नव्हतं. माइक हातात असताना मला कोण गप्प करणार होतं? समितीसमोर मी कितीदा बोलले होते, पण समितीत पाच-सात डोकी. सभागृहात सगळी वस्ती असणार होती. मी मनात ठरवलं की चांगलं चांगलं बोलत जायचं आणि शेवटी दगडाचं सांगायचं. मी हो म्हटलं. बेकरीवाल्यांचा खोकला तिथल्या तिथं बरा झाला.

भाषण लिहायला बसले आणि माझी त्रेधा उडाली. जे लिहायचे ते एकतर तक्रार अर्जासारखं व्हायचं, नाहीतर मास्तरांच्या निरोप समारंभासारखं. मोकळ्याबाई येऊन वाचायच्या, लाल पेनानं खुणा करायच्या. 'लोकांनी माझ्याकडं पाठ फिरवली' इथं त्यांनी लिहिलं, 'सुरुवातीचा काळ कठीण होता'. 'मालकानं माणसं मारली' इथं लिहिलं, 'दुर्दैवी घटना'. आणि शेवटाला त्यांनी स्वतःच एक वाक्य घातलं होतं, 'पण आज आम्ही सगळे बरे झालो आहोत.'

"हे मी कसं म्हणू?" मी म्हटलं.

"शेवट आशेवर व्हायला हवा, ताई. लोक उठताना काहीतरी घेऊन जातात."

"खुर्च्या घेऊन गेले नाहीत म्हणजे मिळवली."

त्या हसल्या, पण वाक्य काढलं नाही. मीही फार ताणून धरलं नाही. ते वाक्य येईल तेव्हा त्याच्या जागी मला काय म्हणायचंय ते मला ठाऊक होतं.

रोज संध्याकाळी लेक दुकानातून आली की पलंगावर बसायची आणि मी कपाटाला टेकून बोलायचे. पहिल्या दिवशी मी हात मागं बांधले.

"आई, पोलिसासारखी दिसतेस."

दुसऱ्या दिवशी पुढं बांधले.

"आता चोरासारखी."

हातांचं काय करावं तेच कळेना. हात मोकळे असले की माझी जीभ अडते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. लाँड्रीत आम्ही बोलायचो ते चादर हातात धरून. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वन्सं. सासू-सुनांची भांडणं, पोरांची दुखणी, कुणाचं कुणाशी जमलं, सगळं त्या चादरीवरून इकडून तिकडं जायचं. माझं लग्नसुद्धा तिथंच जमलं. वन्संनी वर्षभर माझ्याबरोबर घड्या घातल्या आणि एक दिवस म्हणाल्या, "तुझी कडेला कड बरोबर जुळते. माझ्या भावाला बघतेस का?" मी म्हटलं, बघते की. एवढंच.

लेकीनं कपाटातून चादर काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "घे. घडी घालत बोल."

आणि खरंच, बोलता आलं. पाठ केलेलं एकही वाक्य अडलं नाही. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. आधी लांबीत दुमडायची, पुन्हा लांबीत, मग एकीनं चालत जाऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. समोरची "घेतलं" म्हणेपर्यंत आपण सोडायचं नाही. लेकीला हे काही ठाऊक नाही. तिनं मध्येच टोकं सोडली आणि चादर जमिनीवर गेली.

"पडली!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं की शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं.

लेक उचलायला वाकली.

"तू नाही उचलायची."

"का?"

"जिच्या हातून पडली तिनं हात लावायचा नाही. तिच्या जोडीदारणीनं उचलायची."

हा आमच्या लाँड्रीचा नियम होता. चादर पडली की सगळ्याजणी एकदम "पडली!" म्हणून ओरडायच्या. पडलेली चादर पुन्हा धुवायला जायची, मुकादम धावत यायचा. जिच्या हातून पडली ती बिचारी आधीच कावरीबावरी झालेली. ती वाकली तर मुकादमाच्या शिव्या नेमक्या तिच्या डोक्यावर. म्हणून जोडीदारणीनं पुढं व्हायचं, चादर उचलायची आणि मुकादमाला म्हणायचं, "आमच्याकडून पडली." कुणाकडून ते सांगायचं नाही. जुन्या बायकांनी कधीतरी ठरवलेलं, आम्ही पाळत आलो.

"छान आहे हे," लेक म्हणाली. "भाषणात घाल."

"मोकळ्याबाई खोडतील."

त्यांनी नाही खोडलं. उलट त्यांना ती चादरीची कल्पना इतकी आवडली की स्टेजवर चादर घेऊनच यायचं असं ठरलं. "दुसरं टोक मी धरते," त्या म्हणाल्या. "वस्ती आणि संस्था, हातात हात." त्यांना घडी घालता येत नव्हती, पण हात देणारं दुसरं कोणी मला नव्हतंच.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लेकीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तू दगडाचं बोलणार आहेस ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मी तुझी मुलगी आहे. आणि आत्या समोर असली तर?"

"ती कशाला येतेय?"

लेक चादरीची घडी घालत राहिली. ती आत्याकडं जाते हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. आत्याचा चष्मासुद्धा तिनंच करून दिला. या विषयावर आम्ही दोघी मूग गिळून बसतो, त्यामुळे घरात शांतता असते.

उद्घाटनाला सभागृह भरलं. नव्या रंगाचा वास येत होता आणि पंखे जोरात लावले होते, त्यामुळे पहिल्या रांगेतल्या बायकांचे केस उडत होते. लाँड्रीतल्या जुन्या सगळ्याजणी आल्या होत्या. आता कुणी हॉटेलात आहे, कुणी इस्पितळात, कुणी घरीच. आत येताना मी दगडापाशी थांबले नाही. कधीच थांबत नाही. बेकरीवाल्यांनी प्रास्ताविक केलं, ते एकदाही खोकले नाहीत. मग माझं नाव पुकारलं. चादर काखेत मारून मी स्टेजवर चढले.

मोकळ्याबाईंनी एक टोक धरलं, मी दुसरं. माइक माझ्यासमोर होता.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी लाँड्रीत घड्या घालायचे. तुमच्यापैकी निम्म्याजणी मला चांगल्या ओळखतात, बाकीच्यांनी त्यांना विचारावं."

हशा पिकला. मला बरं वाटलं. मी घडी घालत बोलू लागले. लाँड्री कशी होती ते सांगितलं. रोलरची उष्णता, हिवाळ्यात आम्ही त्याच्याभोवती कशा गोळा व्हायचो, पडलेल्या चादरीचा नियम. जुन्या बायका माना डोलवत होत्या. मग स्फोटानंतरचं सांगितलं. मोकळ्याबाईंनी लिहिलं होतं तसं 'सुरुवातीचा काळ कठीण होता' असंच म्हणायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"लाँड्री पुन्हा सुरू झाली, तेव्हा माझ्याबरोबर घडी घालायला कुणी तयार नव्हतं," मी म्हटलं. "मला शिव्या कुणी दिल्या नाहीत. नुसत्या जोड्या लागल्या आणि मी उरले. पुढं चौकशीत खरं काय ते कळलं. मग सगळे माझ्याशी गोड वागायला लागले. आपले बेकरीवाले तेव्हापासून मला पाव आतून, गरम भट्टीतला काढून देतात. बाकीच्यांना समोरचा."

पहिल्या रांगेत बेकरीवाल्यांनी खाली पाहिलं.

"गरम पाव मला नको आहे असं नाही. पण चुकलो म्हणायचं असेल तर तोंडानं म्हणावं. पावातून म्हणू नये."

कुणीतरी मागं हसलं आणि लगेच थांबलं. मोकळ्याबाई चादरीचं टोक धरून माझ्याकडं पाहत होत्या. त्यांनी मला थांबवलं नाही, हेही त्यांच्या बाजूनं सांगते.

"स्फोट झाला तेव्हा माझ्या आणि माझ्या नणंदेच्या हातात चादर होती," मी पुढं म्हटलं. हे वाक्य कागदावर नव्हतं. "खालून धक्का बसला. जमीन हलली. दोघींच्या हातून चादर सुटली. इतकी वर्षं काम केलं, तेवढ्या एका वेळी चादर पडली आणि कुणी ओरडलं नाही."

आणि मी सभागृहाच्या मागच्या टोकाकडं पाहिलं. शेवटच्या रांगेत, दाराला लागून, नवा चष्मा घालून वन्सं बसल्या होत्या.

माझ्या बोटांतून टोकं गेली. मी सोडली नाहीत, ती गेली. मोकळ्याबाईंच्या बाजूचं तेवढं त्यांच्या हातात राहिलं, मग त्यांनीही घाबरून सोडलं, आणि पांढरी चादर स्टेजवर पसरली.

मग सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून, जिथं जिथं लाँड्रीतली एखादी बाई बसली होती तिथून, एकदम आवाज आला, "पडली!"

नंतर त्या स्वतःच दचकल्या. काहीजणींनी तोंडावर हात ठेवला. मग हसू फुटलं, सगळ्यांनाच, पोराटोरांनाही, ज्यांना काय झालं ते कळलंही नव्हतं. सगळ्यात मोठा आवाज मागून, दाराजवळून आला होता. तो मी कुठंही ओळखला असता.

मोकळ्याबाई उचलायला वाकल्या. "अहो नको, नको!" दोन-तीन बायका पुढच्या रांगेतून ओरडल्या. मोकळ्याबाई अर्ध्या वाकलेल्या तशाच थांबल्या. मीही उभीच होते. चादर माझ्या पायाशी होती, वाकून उचलली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं आणि भाषण पुढं गेलं असतं. पण कमरेनं ऐकलं नाही. ती चादर उचलणं माझं काम नव्हतं. ते कुणाचं काम होतं हे लाँड्रीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि प्रत्येकीनं मान वळवून मागं पाहिलं.

वन्सं उठल्या. गुडघे धरून, रांगेतून माणसांना बाजूला करत, मधल्या वाटेनं त्या पुढं आल्या. स्टेजच्या पायऱ्या चढताना लेक हात द्यायला पुढं झाली, तर त्यांनी तिचा हात झटकला. वाकल्या, चादर उचलली, एकदा झटकली आणि कडा तपासल्या.

"उलटी धरली होतीस," त्या म्हणाल्या. माइकनं ते सगळ्यांना ऐकवलं. "डोक्याकडची रुंद पट्टी तुझ्याकडं हवी. केव्हापासून बघतेय मी मागं बसून."

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. माझे कान तापले. पण त्यांनी रुंद पट्टीचं टोक पुढं केलं आणि मी ते घेतलं, न घेऊन सांगते कुणाला?

मोकळ्याबाई बाजूला सरकल्या. आम्ही चादर ताणली. लांबीत दुमडली, पुन्हा दुमडली. हात आपोआप चालत होते. वन्संचे हात म्हातारे झाले होते, पण त्यांनी कडेला कड नेमकी लावली. मग त्या माझ्याकडं चालत आल्या, आपली टोकं माझ्या हातात द्यायला. मी "घेतलं" म्हणायचं होतं.

मी म्हटलं नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "तुमच्या भावाचं नाव त्या दगडावर नाही."

आमच्या दोघींच्या मध्ये चादर होती, त्यांच्या हातात त्यांची टोकं, माझ्या हातात माझी, आणि त्या सोडू शकत नव्हत्या.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मीच नको म्हटलं होतं."

"का म्हटलं, ते सांगा."

"या सगळ्यांना?"

"मला सांगा. हे ऐकतील."

वन्संनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. त्या रडल्या नाहीत. मी त्यांना फारसं कधी रडताना पाहिलेलंच नाही. "दोघं एकाच दुपारी गेले," त्या म्हणाल्या. "एक नवरा, एक पाठचा भाऊ. भावाला मी अंगाखांद्यावर खेळवलं. दोघांसाठी एकदम रडायला जमेना मला. एकावर राग काढला तेव्हा कुठं दुसऱ्यासाठी डोळ्यांत पाणी आलं. खरं काय ते कळलं तेव्हा निघाले होते तुझ्याकडं यायला. तुझ्या जिन्यापर्यंत आले. मग वाटलं, वर जाऊन म्हणू काय? आणि परत फिरले. एकदा परत फिरलं की दुसऱ्यांदा जिना उंच होतो."

मला खूप राग आला होता आणि त्याच वेळी मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती. दोन्ही खरं होतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही, कारण हातात चादर होती.

"चुकलं माझं," वन्सं म्हणाल्या. तोंडानं म्हणाल्या. मग माइककडं वळून, जरा जास्तच मोठ्यानं, "अध्यक्ष कुठं आहेत? बेकरीवाले! माझी हरकत नाही. माझ्या भावाचं नाव घाला."

बेकरीवाले उभे राहिले. "लगेच, ताई. उद्याच माणूस बोलावतो. खाली जागा आहे दगडावर."

"खाली नाही," मी म्हटलं. "मध्ये."

"अगं, मध्ये कसं कोरतील?" वन्सं म्हणाल्या. "दगड आहे तो, फळा नाही पुसून लिहायला."

"मग नवा करा."

"नेहमीचंच तुझं. काही कबूल केलं की वर आणखी एक खुसपट."

"आणि तुमचं? इतकी वर्षं लावली तुम्ही..."

मोकळ्याबाई माइकजवळ आल्या आणि समारोप करायला म्हणाल्या, "तर मित्रांनो, माणसं पुन्हा एकत्र येतात तेव्हा..." पण तिसऱ्या रांगेतून एक बाई ओरडली, "थांबा हो बाई, त्यांची घडी व्हायचीय अजून!"

"घेतलं," मी म्हटलं. वन्संनी टोकं सोडली. मी शेवटची दुमड घातली, हातानं दाबली आणि चादर काखेत मारून खाली उतरले. कागदावरचं शेवटचं वाक्य राहूनच गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाळ्या बऱ्याच वाजल्या, पण त्या माझ्या भाषणाला होत्या की आमच्या भांडणाला ते मला सांगता येणार नाही.

नंतर बाहेर चहा होता, कागदी पेल्यांतून. बेकरीवाले ट्रे घेऊन माझ्याकडं आले, खोकले, आणि मग न खोकता म्हणाले, "वहिनी, आमचं चुकलं. तेव्हा आम्ही नीट विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "हं." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. माझं पूर्ण झालं नव्हतं, पण सुरुवात म्हणून चालण्यासारखं होतं.

वन्सं दगडासमोर उभ्या होत्या. मी जाऊन शेजारी उभी राहिले. त्या दगडासमोर मी पहिल्यांदाच थांबले होते. नावं चांगली कोरली होती. सगळ्यात वर वन्संच्या यजमानांचं.

"तुम्ही कशाला आलात?" मी विचारलं. "माझं भाषण ऐकायला?"

"तुझी लेक म्हणाली की आई शेवटी 'आम्ही बरे झालो' असं म्हणणार आहे. तसं लिहिलंय म्हणे. म्हटलं, बघू तरी."

"आणि म्हटलं असतं तर?"

"तर उठून घरी गेले असते. मी काही बरी झालेली नाही, मग आम्ही बरे झालो हे हिला कुणी सांगितलं?"

मला हसू आलं. इतक्या वर्षांत आम्हा दोघींचं ज्यावर एकमत झालं ती ही एक गोष्ट, आणि तीही आम्ही वेगवेगळ्या घरांत बसून ठरवलेली. चहा गार होत होता. वन्संनी दगडाच्या खालच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. तिथं एक नाव सहज मावलं असतं, जरा बारीक अक्षरांत.

"जागा आहे की इथं," मीच म्हटलं. वाद घालायची ताकद उरली नव्हती. "घालू दे खाली."

"नको," वन्सं म्हणाल्या. त्यांचं बोट तिथंच होतं. "अख्खा जन्म तळघरात काढला त्यानं. नवाच दगड करू. त्याला वर घेऊ."